व्हॉइसमेल हलवण्याआधी कोकण फिरून आलो: जयगडसाठी वेगळा दिवस ठेवा

आमच्या जुन्या कंत्राटदाराने दिलेल्या कागदावर एक व्हॉइसमेल सर्व्हर, खाली शाखांची यादी आणि शेवटी एकच वाक्य होतं : ‘सर्व ठिकाणी जोडणी सारखीच.’ हे लिहिणारा माणूस रत्नागिरीकडे वळणाऱ्या हातखंब्याच्या फाट्यावरून कधी आत वळलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

कंपनी शीतगृहं आणि मालवाहतुकीची. मुख्य कार्यालय पनवेलला, शाखा महाडपासून वेंगुर्ल्यापर्यंत. व्हॉइसमेल म्हणजे सिस्को युनिटी कनेक्शन ८.६, रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत एका जुन्या एमसीएस सर्व्हरवर (सिस्कोचाच खराखुरा डबा) चालणारं. जायचंय आवृत्ती १४ वर, पनवेलमध्ये व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभा केलेला सर्व्हर). १०.० पासून हे सॉफ्टवेअर फक्त व्हर्च्युअल मशीनवरच चालतं, तेव्हा आहे त्याच डब्यावर अपग्रेड मारून मोकळं व्हायचा प्रश्नच नाही. माल उचलून दुसऱ्या घरी न्यायचा, आणि उचलायच्या आधी घरात काय काय आहे ते बघायचं. त्यासाठी हा दौरा.

पोर्ट म्हणजे सर्व्हर कॉल घेतो ती लाइन, कॉल हँडलर म्हणजे आपोआप फोन उचलून ग्रीटिंग ऐकवणारी नोंद, पार्टिशन म्हणजे नंबरांचा कप्पा, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितोय. घाटात गाडी लागत नाही, हेही धरलंय. सोबत काय हवं ते थोडक्यात : विंडोजचा लॅपटॉप, कन्सोल केबल, टेस्ट फोन, क्रोन टूल (फोनच्या वायरी जोडपट्टीत ठोकायचं हत्यार), छत्री नव्हे रेनकोट, आणि एखादा जुना ब्राउझर. ८.६ ची ॲडमिनची पानं आजच्या ब्राउझरमध्ये धड उघडत नाहीत, आणि हे शाखेत जाऊन कळलं तर तिथल्या रेंजवर जुना ब्राउझर उतरवत बसावं लागतं.

पनवेल ते इंदापूर रस्त्याबद्दल बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर मुळीच निघू नका. शक्य असेल तर रत्नागिरीपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे गाडी करा. मी गाडीने गेलो कारण वाटेत महाड आणि चिपळूण होतं. महाड ठीक. तासाभरात काम झालं.

चिपळूणला मात्र डोकं लावावं लागतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं, तेव्हापासून रॅक वरच्या मजल्यावर आहे. रॅक वर गेला, पण वायरींवरच्या चिठ्ठ्या पाण्यात गेल्या त्या गेल्याच. पुरानंतर घाईघाईत दिलेले ‘तात्पुरते’ एक्स्टेंशन नंबर आजही चालू आहेत, वेगळ्या पार्टिशनमध्ये, आणि त्यातले काही देवगडच्या नंबरांशी तंतोतंत जुळतात. जुन्या सर्व्हरवर हे खपतं. नव्यावर सगळं एकाच पार्टिशनमध्ये ओतलंत की पहिलाच आयात-अहवाल लाल होणार. यादी कागदावरून घेऊ नका. प्रत्येक फोन उचला, स्वतःचा नंबर लावा, पडद्यावर काय येतं ते लिहून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आता जयगड.

गुहागरकडून येणाऱ्यांनी तवसाळ–जयगड जंगलजेटी (गाड्या नेणारी बोट) पकडायची असते. नकाशावर खाडी म्हणजे बोटाच्या पेराएवढी. पावसात, वारा असला तर बोट थांबते, आणि थांबली की ‘बघू, अर्ध्या तासाने’ याच्या पलीकडे कोणी काही सांगत नाही. जेटीवर निवारा म्हणून जे आहे त्याखाली आधीच दोन टेम्पो आणि एक लग्नाची गाडी उभी होती. शेवटी भातगावच्या पुलावरून वळसा घातला. दिवस संपला, पाठ संपली. मीठ आणि चिखल एकत्र झाले की बुटाची लेस सुटत नाही, ही माहिती मला नको होती. निघण्याआधी जेटीवर फोन करून विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी पावसाळ्यात सरळ महामार्गावरच्या निवळीवरून जा. गुहागरची शाखा स्वतंत्र फेरीत करा. रस्ता लांब आहे, पण रस्ता आहे.

जयगडच्या ऑफिसबद्दल मला आधीच सांगितलं होतं की तिथली व्हॉइसमेलची सामायिक पेटी सारखी भरते. मार्च ते मे हंगामात बागायतदार रात्री फोन करून क्रेट आणि गाडी सांगून ठेवतात, त्यामुळे ‘वापर जास्त’. कंत्राटदाराच्या नव्या कोटेशनमध्ये याच कारणाने जादा साठवणीची एक ओळ होती, आणि ती ओळ स्वस्त नव्हती. मीही आधी मान डोलावली होती, कारण हिशेब वरवर पटतो. या सॉफ्टवेअरमध्ये पेटीची मूळ मर्यादा अशी : १२ एमबीला इशारा, १३ ला पाठवणं बंद, १४ ला घेणंही बंद. जी.७११ या फोनच्या नेहमीच्या ध्वनी-पद्धतीत एक मिनिटाचा आवाज साधारण ४८० केबी घेतो. म्हणजे १४ एमबीत जवळपास अर्ध्या तासाचं बोलणं मावतं.

अर्धा तास! बागायतदार काय बोलतो? ‘पन्नास क्रेट, सकाळी सहाला गाडी लावा, नाव अमुक.’ वीस सेकंद. अर्ध्या तासाला असे नव्वद निरोप लागतील. तिथल्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, ‘नव्वद कुठले हो, सहा-सात आले की बाई सांगते पेटी भरली. मग आम्ही मोबाइल घेतो.’

निरोप ऐकायला बसलो. पहिला निरोप : वीस सेकंद माणूस, मग टूँ… टूँ… टूँ… थेट पाच मिनिटांपर्यंत. दुसराही तसाच. तिसरा तसाच.

घडतं ते असं. जयगडला अजून जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) आहे आणि तो ॲनालॉग लाइनींवरून एका मीडिया गेटवेमार्फत (फोनच्या लाइनी नेटवर्कला जोडणारा डबा) व्हॉइसमेलला जोडलेला आहे. ‘सारखीच जोडणी’ म्हणतात ती हीच. बोलणाऱ्याने फोन ठेवला की ईपीएबीएक्स लाइन तोडत नाही, नुसता एंगेज टोन वाजवतो. तो टोन ओळखून फोन ठेवायचं काम गेटवेचं. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. गेटवेच्या सेटिंगमध्ये मात्र अमेरिकेचा टोन तसाच पडून होता : ४८० आणि ६२० हर्ट्झची जोडी, अर्धा-अर्धा सेकंद. त्याला बिचाऱ्याला जयगडचा टोन म्हणजे बोलणंच वाटतं. शांतता नसल्यामुळे रेकॉर्डिंग थांबत नाही, ते थांबतं निरोपाची कमाल लांबी संपल्यावर, जी मुळात ३०० सेकंद असते. पाच मिनिटं म्हणजे २.४ एमबी. सहाव्या निरोपाला १४ एमबी पार.

त्यावर कडी म्हणजे, हे सॉफ्टवेअर स्वतःहून बाहेरच्या माणसाचा निरोप भरलेल्या पेटीतही घेतं. पण बाहेरच्या फोनसाठी पेटी भरलीय का ते तपासण्याचा पर्याय इथे कोणीतरी हौसेने चालू करून ठेवला होता. म्हणून बागायतदाराला ‘पेटी भरली’ ऐकू यायचं.

तर जादा साठवणीचे पैसे कशासाठी मागितले होते? टूँ टूँ जपून ठेवण्यासाठी.

टेस्ट फोनने टोन रेकॉर्ड केला, लांबी मोजली, गेटवेत ४०० हर्ट्झ आणि पाऊण-पाऊण सेकंद भरलं, डबा पुन्हा चालू केला. निरोप वीस सेकंदाचाच येऊ लागला. मला त्या क्षणी जो आनंद झाला त्याच्या भरात मी काकूंच्या हातचे तांदळाचे घावणे किती खाल्ले ते विचारू नका. दुपारी मग क्रोन बॉक्स उघडून प्रत्येक जोडी तपासली. खाऱ्या हवेने अर्ध्या जोड्या हिरव्या पडल्यात, त्या नव्याने मारल्याशिवाय स्थलांतर करू नका. नाहीतर खरखर नव्या सर्व्हरची म्हणून तुमच्या माथी येईल.

जयगडची लीज्ड लाइनही बारीक आहे. आजवर निरोप रत्नागिरीपर्यंत जायचा, आता पनवेलपर्यंत जाणार. जी.७११ चा एक कॉल सगळे हेडर धरून ८० केबीपीएसच्या वर जातो, आवाज दाबून पाठवणाऱ्या जी.७२९ चा सुमारे ३०. तिथे जी.७२९ वापरा, पण मग बटणांचे टोन आवाजातून पाठवू नका, आरएफसी २८३३ च्या पद्धतीने वेगळे पाठवा. दाबलेल्या आवाजात बटण विस्कटतं, आणि पिन चार वेळा चुकला की काकू पुन्हा मोबाइलकडे वळणार.

रत्नागिरीला मुख्य काम. इथे कंत्राटदाराची दुसरी ओळ : ‘डेटा काढण्याचा दर, प्रत्येक मेलबॉक्सला साडेचारशे रुपये.’ देऊ नका. पेट्या, ग्रीटिंग, नावांची रेकॉर्डिंगं, कॉल हँडलर, वितरण याद्या, हवे तर निरोपही काढून देणारं कोब्रास नावाचं साधन सिस्कोचंच आहे आणि फुकट आहे. मेहनत आहे ती त्याच्या आधीच्या तयारीत. इन्फॉर्मिक्सचा ड्रायव्हर (सर्व्हरच्या डेटाबेसशी बोलणारा) लॅपटॉपवर घरूनच टाकून या. सर्व्हरवर रिमोट ॲडमिनिस्ट्रेटर ही भूमिका असलेला, मेलबॉक्स नसलेला वापरकर्ता करा आणि ‘पुढच्या वेळी पासवर्ड बदला’ ही खूण काढा. मग ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये डेटाबेस प्रॉक्सी (बाहेरून डेटाबेसला जोडू देणारी सेवा) चालू राहण्याचे दिवस शून्यावर असतील ते वाढवा आणि प्रॉक्सी सेवा चालू करा. दिवस शून्य असतील तर सेवा टिकत नाही, कोब्रास जोडलं जात नाही, आणि पडद्यावर येणारी चूक वाचून तुम्ही उगाच नेटवर्कवाल्याला शिव्या घालता.

कोब्रास सर्व्हरच्या शेजारी बसून चालवा, पनवेलहून नाही. निरोप वगळून केलेला बॅकअप पटकन होतो, निरोपांसकट केलेला जेवून येईपर्यंत चालतो. जयगडची पेटी आधी ऐकून रिकामी करा, नाहीतर पाच-पाच मिनिटांचे टूँ टूँ नव्या सर्व्हरवर सन्मानाने जातील. वर डीआरएसचा (सिस्कोची स्वतःची बॅकअप व्यवस्था) बॅकअपही एसएफटीपी सर्व्हरवर घ्या, पण तो १४ वर चढवायची स्वप्नं बघू नका. डीआरएस परत चढवायला तंतोतंत तीच आवृत्ती लागते. तो फक्त परतीचा रस्ता.

कोब्राससोबत न येणारं : फोन सिस्टीमची जोडणी, पोर्ट, प्रमाणपत्रं. हे हाताने उभं करा. निरोप आल्याचे फोनवरचे लाल दिवे स्थलांतरानंतर खोटं बोलतात, एकदा सगळे दिवे जुळवून घेण्याचं बटण दाबा. पिन सगळ्यांना नवे द्या, वाद घालू नका. आणि १४ ला स्मार्ट लायसन्स लागतं. ९० दिवसांची चाचणी मुदत मिळते म्हणून खरेदी विभाग ९० दिवस झोपतो, हे गृहीत धरून आजच अर्ज टाका.

देवगड, कुडाळ : काहीच अडलं नाही. कुडाळला मासे उत्तम.

वेंगुर्ल्यात एकच गोष्ट कामाची. पनवेलहून आलेल्या यादीत तिथला एक कॉल हँडलर ‘वापरात नाही, काढून टाका’ असा होता. फोन लावून ऐकला तर आत मालवणीत बर्फाचा आजचा दर आणि गाडीची वेळ, रोज सकाळी तिथला माणूस नव्याने रेकॉर्ड करतो. म्हटलं, हे कोण ऐकतं? ‘सगळे होडयेवाले. रात्री कोण उचलतलो फोन? दर आयकतत आणि येतत.’ यादीत ‘वापरात नाही’ का, तर त्या हँडलरच्या पेटीत निरोप शून्य. अहो, तो निरोप घेतच नाही, नुसता सांगतो! पेटीतले निरोप मोजून काय ठेवायचं काय टाकायचं हे ठरवणाऱ्याला एकदा पहाटे वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं करायला हवं. प्रत्येक ग्रीटिंग कानाने ऐका. तिथल्या माणसाला नव्या सर्व्हरवर रेकॉर्ड कसं करायचं ते आधी शिकवा, आणि पहिल्या सकाळी त्याच्याबरोबर फोनवर राहा.

तारीख. गणपती ते दिवाळी यांच्यामध्ये एखादी शुक्रवारची रात्र धरा. फेब्रुवारीनंतर कोणी कितीही सांगितलं तरी हात लावू नका, आंबा सुरू झाला की जयगडचा फोन एक तास बंद पडलेला चालत नाही. ऑक्टोबरात संध्याकाळी विजा पडतात, ॲनालॉग कार्ड जळतात. जयगड आणि वेंगुर्ल्यासाठी एकेक सुटं कार्ड गाडीत ठेवा. जुना सर्व्हर बंद करा, पण पुसू नका. दिवाळी होऊन जाऊ दे.

राहण्याचं : जयगडचं काम असेल तर गणपतीपुळ्यात सुट्टीच्या दिवशी खोली शोधू नका, भाव ऐकून चक्कर येते. निवळी किंवा रत्नागिरीत राहा आणि सकाळी लवकर निघा. क्रोन टूल स्वतःचंच न्या. जयगडच्या ऑफिसातल्याचं पातं तुटलेलं आहे आणि ते आठवड्यात नवीन येणार आहे, असं मला तिथे सांगण्यात आलं.