बेलीफ आला तो दिवस आणि न दिसणारे साठ हजार

दुपारचे चार वाजून गेले होते. मी एका ब्लाउजची काख उसवत बसलो होतो आणि बाहेर टेम्पो रिव्हर्स घेतल्याचा आवाज आला. आमच्या बोळात टेम्पो शिरतो तो कुणी घर बदलत असेल तरच. मान वर केली तर दारात रेक्झिनची बॅग लावलेले एक गृहस्थ, त्यांच्यामागे ज्याच्याकडून मी अस्तर आणि कापड उचलायचो त्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि दोन अनोळखी माणसं. बॅगवाल्यांनी माझं पूर्ण नाव वाचलं आणि म्हणाले, "कोर्टातून आलोय. बेलीफ. जप्ती वॉरंट आहे."

थोडं मागचं सांगतो. लॉकडाऊननंतर धंदा बसला, कापडाची उधारी थकली, व्यापाऱ्याने दिवाणी दावा टाकला. पहिल्या तारखेला मी गेलो, नंतर गेलो नाही. शिवणकामाच्या सीझनमध्ये कोर्टात दिवस कोण घालवणार, हा माझा शहाणपणा. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे माझ्या गैरहजेरीत कोर्टाचा निकाल झाला : १,६०,००० रुपये, दाव्याचा खर्च १२,३०० आणि हुकूमनाम्याच्या तारखेपासून सहा टक्के व्याज. मी घाबरून व्यापाऱ्याकडे गेलो. ते म्हणाले, "कोर्टाचं सोडा हो, जमेल तसं देत राहा." मी देत राहिलो. २५,००० खात्यावर पाठवले, ३५,००० वेळोवेळी रोख. पावती मागायची लाज वाटली. पंधरा वर्षांचा व्यवहार होता आमचा, पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं. मग व्यवहार त्यांच्या मुलाने हातात घेतला.

वॉरंटवर आकडा होता १,८३,५००. म्हणजे मुद्दल, खर्च आणि चौदा महिन्यांचं ११,२०० व्याज. माझे साठ हजार त्यात कुठेच नव्हते.

"अहो, मी दिलेत पैसे!" मी ओरडलोच. मुलगा रस्त्याकडे बघत राहिला. बेलीफ शांतपणे म्हणाले, "दिले असतील. पण कोर्टात नोंद आहे का? मला या कागदापुढे जाता येत नाही."

शेजारच्या काकांनी तोवर मला बाजूला घेऊन सल्ला दिला होता, दार लावून घे, मी सांगतो घरात कुणी नाही. नशीब ऐकलं नाही. नंतर वकिलांनी समजावलं की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ प्रमाणे सूर्य मावळल्यानंतर आणि उगवायच्या आधी बेलीफला जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. एरवी बाहेरचं दारही फोडता येत नाही, पण ऋणको, म्हणजे पैसे देणं लागणारा, स्वतः त्या घरात राहत असेल आणि आत येऊ देत नसेल तर मात्र ते फोडता येतं. एकदा आत आले की आतल्या खोल्यांची दारं उघडता येतात. म्हणजे दार लावून मी बेलीफचंच काम सोपं केलं असतं.

मी वॉरंट हातात मागितलं. त्यांनी दिलं, कुरकुर केली नाही. न्यायाधीशांची सही, कोर्टाचा शिक्का, दरखास्तीचा (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जाचा) नंबर आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावायचं ती तारीख. माझ्या मुलीने तिथेच मोबाइलवर ई-कोर्ट्समध्ये नंबर टाकून बघितला, दरखास्त खरीच होती. कर्जवसुलीची पोरं हल्ली 'कोर्टातून आलोय' म्हणत फिरतात, त्यांच्याकडे असा कागद नसतो. दारात खराच बेलीफ उभा आहे हे कळल्यावर बरं वाटावं की वाईट, ते मात्र ठरवता येईना.

आत आल्यावर ते एकेक वस्तू बोलत होते आणि पंच ऐकत होते. टीव्ही. कपाट. मग ओट्यापाशी आले आणि नुसतं बघून मागे फिरले. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही, कलम ६०. बायको मंगळसूत्र मुठीत धरून उभी होती, तिला म्हणाले, "ताई, ते सोडा, त्याला हात लावायचा नसतो." आई देवघरासमोर फतकल मारून बसली होती. "देव नेणार का रे बाबा?" बेलीफ म्हणाले, "नाही आजी. तुम्ही पाणी द्या मला."

खरी ओढाताण शिलाई मशीनवर झाली. माझ्याकडे तीन मशीनं. मुलगा म्हणाला, तीनही घ्या, तीच तर किमतीची आहेत. कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत हे मला कुठेतरी ऐकून माहीत होतं, तेवढंच मी धरून बसलो. बेलीफनी पायाने चालवायच्या जुन्या मशीनवरून हात फिरवला. "यावर तुम्ही बसता ना? मग हे राहू दे. बाकीची दोन बायका येऊन चालवतात ना? ती लिहितो. हरकत असेल तर कोर्टात अर्ज द्या, मी निकाल देणारा कोण." मला राग आला, पण हिशेब त्यांचा चुकला नव्हता. दोन मशीनं रिकामीच असायची, बायका सीझनलाच यायच्या.

टेम्पोचा फाळका उघडला गेला आणि तेवढ्यात बायकोने वकिलांना फोन लावून तो थेट मुलाच्या कानाला लावला. काय बोलणं झालं कोण जाणे. शेवटी ठरलं की पुढच्या तारखेआधी मी २०,००० कोर्टात भरायचे. बेलीफनी अहवाल लिहिला : दरखास्तदाराने मुदत दिल्याने जप्ती केली नाही. माझी सही घेतली, पंचांची घेतली. मी खिशातले चार हजार पुढे केले तर हात मागे घेतला. "मला नको. कोर्टात भरा आणि पावती जपा." ही पावतीची गोष्ट मला चौदा महिन्यांपूर्वी कुणी सांगायला हवी होती.

वॉरंटच्या आधी नोटीस का आली नाही, हा माझा पहिला प्रश्न वकिलांना. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून गेल्यावर दरखास्त टाकली तर आधी नोटीस काढावी लागते. माझ्या बाबतीत चौदा महिनेच झाले होते, म्हणून थेट वॉरंट. आणि दरखास्त टाकायला त्यांच्याकडे बारा वर्षं असतात, त्यामुळे 'विसरले असतील' या आशेला अर्थ नव्हता.

दुसरा प्रश्न साठ हजारांचा. वकिलांनी त्याच संहितेतला ऑर्डर २१ नियम २ वाचून दाखवला. हुकूमनाम्याचा पैसा कोर्टाबाहेर दिला तर त्याची नोंद कोर्टात करून घ्यावी लागते. ती सावकाराने, म्हणजे ज्याला पैसे मिळाले त्याने, करायची, त्याने नाही केली तर आपण अर्ज द्यायचा, आणि त्याची मुदत पैसे दिल्यापासून फक्त ३० दिवस. नोंद नसलेला पैसा बजावणी करणारं कोर्ट विचारातच घेत नाही. बँकेचा उतारा असला तरी मुदत गेलीच होती. मी म्हटलं, म्हणजे मी दिलेच नाहीत? ते म्हणाले, "दिलेत. फक्त कोर्टाला ते दिसत नाहीत." त्या रात्री मी जेवलो नाही, एवढंच सांगतो.

मध्ये समोरच्या वकिलांनी तुरुंगाचीही धमकी दिली. त्याची भीती बेलीफपेक्षा जास्त होती. पण पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी कैद इतकी सहज होत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस काढतात आणि परिस्थितीची चौकशी होते. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला आत टाकता येत नाही, पैसे असून बुडवतोय हे दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात हे स्पष्ट केलंय, निकाल न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा. बायकांना तर अशा वसुलीसाठी अटकच करता येत नाही. धमकी पुन्हा निघाली नाही.

हप्त्यांचा अर्जही उशिराच होता, हुकूमनाम्यानंतर तो सावकाराच्या संमतीशिवाय मिळत नाही. म्हणून सगळी भिस्त लोकअदालतीवर. मी २०,००० भरलेली पावती घेऊन गेलो. त्या दिवशी म्हातारे व्यापारी स्वतः आले होते, काठी टेकत. पॅनेलसमोर मुलगा म्हणाला, रोख काही मिळालेलं नाही. म्हातारे थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पंधरा मला आठवतात." बाकीचे वीस आठवले नाहीत, की मुलासमोर आठवायचे नव्हते, मला सांगता येणार नाही. खात्यावरचे २५,००० त्यांनी मान्य केले, सावकाराने स्वतः मान्य केल्यावर मुदतीचा प्रश्न राहिला नाही. व्याज सोडलं. मी भरलेले २० वजा जाऊन राहिले १,१२,३००. पहिला हप्ता १२,३००, मग दहा-दहा हजारांचे दहा. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम, आणि पुन्हा टेम्पो.

एकही चुकवला नाही. दोनदा बायकोच्या भिशीतून भरला. प्रत्येक हप्ता कोर्टातच, आणि पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी, कारण त्या पावत्यांची शाई उडते. शेवटच्या हप्त्यानंतर समोरच्यांकडून पूर्ण वसुलीची पुरशिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून घेतली आणि दरखास्त निकाली निघाल्याच्या हुकुमाची नक्कल काढली. नकलेसाठी तीन खेपा झाल्या, तो वेगळा विषय.

दोन्ही मशीनं जागेवर आहेत. फाइल कपाटात आहे. ३५,००० रोख दिल्याच्या तारखा मी एका वहीत टिपून ठेवल्या होत्या, ती वही फाइलमध्ये लावली नाही. मापाच्या वहीशेजारी ठेवलीय, आणि त्या वीस हजारांवर अजून माझी पेन्सिलची खूण आहे.