अक्कलकोट रोडच्या कारखान्यात आयपीव्ही६ आणताना

गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा मला फोन आला. आठवड्यापूर्वीच त्यांनी जुनी इंटरनेट लाइन बंद करून स्वस्त आणि वेगवान फायबर जोडणी घेतली होती. वेग खरोखरच वाढला होता, पण घरी बसून कारखान्यातील कॅमेरे पाहण्याची त्यांची सोय त्याच दिवसापासून बंद पडली होती. रात्रपाळीचे माग चालू आहेत का, हे झोपण्यापूर्वी एकदा मोबाइलवर पाहायचे, ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, राउटरचे पान उघडले आणि कारण पहिल्याच ओळीत सापडले: बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील यंत्राचा क्रमांक, १०० या आकड्याने सुरू होत होता.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये एका विशिष्ट कामासाठी राखून ठेवण्यात आला. इंटरनेट पुरवठादाराकडे ग्राहक जास्त आणि पत्ते कमी असतात, तेव्हा तो अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो आणि प्रत्येकाला आतल्या बाजूने या पट्ट्यातील एक पत्ता देतो. आतून बाहेर जाणाऱ्या मागणीला त्याने काही बाधा येत नाही. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्याला मात्र नेमके कोणाच्या दारात जायचे हेच कळत नाही. आपल्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग केले (बाहेरून येणाऱ्याला आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवले) तरी अडथळा आपल्या राउटरच्या अलीकडे नसून पलीकडे, पुरवठादाराच्या यंत्रात असतो. चौकशी केल्यावर मला सांगण्यात आले की वेगळा स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, हवा असेल तर दरमहा जादा आकार भरावा लागेल.

हे ऐकून मालकांनी विचारले, "साहेब, माझ्या मोबाइलवर तर बाकी सगळं इंटरनेट व्यवस्थित चालतंय. मग ऑफिसातच असं का?" प्रश्न अगदी योग्य होता, आणि हा लेख त्या प्रश्नामुळेच लिहीत आहे.

त्यांचा मोबाइल आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या आवृत्तीवर, चालत होता आणि कारखाना आयपीव्ही४ या जुन्या आवृत्तीवर अडकलेला होता, हे त्याचे थोडक्यात उत्तर. आज आपण ज्याला आयपी पत्ता म्हणतो तो १९८१ साली ठरलेल्या ३२ बिटांच्या रचनेचा आहे. त्या रचनेत एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपासच होऊ शकतात, आणि त्यांतीलही बराच भाग राखीव आहे. पत्ते कमी पडणार हे तज्ज्ञांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसले होते. डिसेंबर १९९५ मध्ये नव्या आवृत्तीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, डिसेंबर १९९८ मध्ये तो सुधारून पुन्हा मांडला गेला आणि जुलै २०१७ मध्ये त्याला पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. नवा पत्ता १२८ बिटांचा आहे. ३४ या आकड्यावर ३७ शून्ये लिहिली म्हणजे त्यांची संख्या साधारण समजते.

दरम्यान मे १९९४ मध्ये नॅट नावाची तात्पुरती सोय पुढे आली. तिच्यामुळे अख्खे कार्यालय एकाच पत्त्यामागे राहू लागले. ही सोय इतकी चांगली ठरली की मूळ दुखण्याची तीव्रताच जाणवेनाशी झाली. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक घरावर टाकी असते, आणि टाकी भरलेली असेपर्यंत घरातल्या नळाला नेहमीच पाणी असल्यासारखे वाटते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले, आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १५ एप्रिलला, आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा शेवटच्या गटावर येऊन ठेपला. टंचाई सर्वांत आधी आपल्याच विभागात आली.

मोबाइल कंपन्यांनी त्यातून वाट काढली. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने कोट्यवधी ग्राहकांना आयपीव्ही६ वरच आणले, आणि आज या बाबतीत भारत जगातील अग्रेसर देशांपैकी एक आहे. जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळांसाठी फोनच्या आत आणि कंपनीच्या यंत्रणेत मिळून पत्त्यांचे भाषांतर होते, ते वापरणाऱ्याला कळतही नाही. ॲपलने १ जून २०१६ पासून केवळ आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावरही ॲप चालले पाहिजे अशी अट घातली, त्यामुळे ॲप तयार करणाऱ्यांनाही सुधारणा करावी लागली. तिथे निर्णय घेणारे मोजके होते आणि खर्चही त्यांनीच उचलला. कारखान्यात असा एक निर्णय घेणारा कोणीच नसतो. कॅमेरे एकाने बसवलेले असतात, हजेरीचे यंत्र दुसऱ्याने, मागांचे उत्पादन मोजणारी प्रणाली तिसऱ्याने, आणि राउटर तर जोडणीबरोबर आलेला असतो. यांपैकी कोणीही खरेदीच्या वेळी आयपीव्ही६ चालते का, असे विचारलेले नसते. माझ्या मते खरी अडचण ही आहे; तांत्रिक अडचणी तिच्या पोटात येतात.

व्यवसायाच्या बाजूने पाहिले तर बदल न करण्याची किंमत कधीच एका बिलात दिसत नाही. स्टॅटिक आयपीचा मासिक आकार एका बिलात असतो, कॅमेऱ्यांच्या क्लाउड सेवेची वर्गणी दुसऱ्या, दूरवरून संगणक हाताळण्याच्या सॉफ्टवेअरचे शुल्क तिसऱ्या. हे तिन्ही खर्च बऱ्याच अंशी एकाच टंचाईतून आलेले आहेत, पण हिशेबात ते वेगवेगळ्या खात्यांत पडतात. मी त्या मालकांच्या टेबलावर हे तीन आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले, तेव्हा त्यांनी प्रथमच या विषयाकडे खर्चाची बाब म्हणून पाहिले. मोठ्या बाजारातही हेच घडते आहे. २०११ साली मायक्रोसॉफ्टने दिवाळखोरीत गेलेल्या नॉर्टेल कंपनीकडून ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना विकत घेतले, म्हणजे एका पत्त्याला ११ डॉलरांहून थोडे अधिक. ॲमेझॉनची क्लाउड सेवा १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी ताशी ०.००५ डॉलर आकारते. वर्षाचा हिशेब सुमारे ४४ डॉलर होतो. जी गोष्ट एकेकाळी मागितली की मिळत असे, तिला आता भाडे लागते.

मग सगळे एकदम नव्या पत्त्यांवर का जात नाहीत? दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी थेट बोलू शकत नाहीत, म्हणून. केवळ नवा पत्ता असलेल्या यंत्राला केवळ जुना पत्ता असलेल्या यंत्रापर्यंत मधल्या भाषांतराशिवाय पोहोचता येत नाही. त्यामुळे कित्येक वर्षे दोन्ही शेजारी शेजारी चालवावे लागतात. फायरवॉलचे, म्हणजे जाळ्यात काय येऊ-जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या पहाऱ्याचे, नियम दोनदा लिहावे लागतात, बिघाड दोन ठिकाणी शोधावा लागतो आणि कर्मचाऱ्यांना दोन्ही शिकवावे लागते. शिवाय जुने बंद करता येत नाही तोवर बचतही होत नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, मुदती ठरल्या आणि पुढे सरकल्या. त्यामागे दिरंगाईइतकीच ही दुहेरी ओझ्याची अडचणही आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता त्या कारखान्यात काय झाले ते सांगतो. नवी फायबर जोडणी आयपीव्ही६ देत होती, पण राउटरमध्ये तो पर्याय बंद होता. मी तो चालू केला. दहा मिनिटांत कार्यालयातील संगणकांना नवे पत्ते मिळाले, चाचणी यशस्वी झाली आणि मी समाधानाने परतलो. दोन दिवसांनी डिझाइन विभागातून तक्रार आली: परदेशी खरेदीदारांना टॉवेलच्या नमुन्यांच्या मोठ्या फाइली पाठवताना काम अर्ध्यावर थांबते, लहान मेल मात्र लगेच जातात. पाठवायची तारीख दुसऱ्या दिवसाची होती.

दोष माझ्याच नियमात होता. आयपीव्ही४ च्या काळापासून बाहेरच्यांना पिंग करता येऊ नये (यंत्र चालू आहे का हे चाचपता येऊ नये) म्हणून मी फायरवॉलवर आयसीएमपी, म्हणजे यंत्रांमधले सूचनांचे निरोप, सरसकट अडवत आलो होतो, आणि तोच नियम नव्या आवृत्तीलाही जसाच्या तसा लावला होता. आयपीव्ही६ मध्ये मधले राउटर मोठ्या पॅकेटचे (माहितीच्या गठ्ठ्याचे) तुकडे करत नाहीत. मार्गात कुठे जागा कमी पडली तर तो राउटर 'पॅकेट फार मोठे आहे' असा आयसीएमपी निरोप पाठवणाऱ्याला देतो आणि पाठवणारा आकार कमी करतो. कार्यालयातले संगणक १५०० बाइटचे पॅकेट पाठवत होते, पुरवठादाराच्या पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत १४९२ एवढेच मावत होते, आणि राउटरने दिलेला निरोप माझी फायरवॉल मध्येच गिळून टाकत होती. जुन्या आवृत्तीत राउटर जोडणी होतानाच हा आकार गुपचूप दुरुस्त करत असे, म्हणून इतकी वर्षे हा नियम चुकीचा आहे हे मला कळलेच नव्हते. आठ बाइटांच्या फरकाने डिझाइन विभागाचे दोन दिवस वाया गेले. आवश्यक आयसीएमपी प्रकारांना वाट दिल्यावर फाइली त्याच संध्याकाळी गेल्या.

असा बिघाड लवकर लक्षात न येण्याचे आणखी एक कारण आहे. आजचे ब्राउझर आधी नव्या पत्त्यावर प्रयत्न करतात आणि सेकंदाच्या साधारण पाव भागात जोडणी जुळली नाही तर जुन्या पत्त्यावरही प्रयत्न सुरू करतात. वापरणाऱ्यासाठी हे चांगलेच आहे, पण जाळे सांभाळणाऱ्याला आयपीव्ही६ महिनोन्महिने मोडलेले असले तरी कोणी सांगायला येत नाही. म्हणून आता मी दोन्ही आवृत्त्यांची तपासणी स्वतंत्रपणे करतो.

हजेरीच्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. ते इथल्याच एका प्रोग्रामरने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेले, आणि त्यातील तक्त्यात यंत्राच्या पत्त्यासाठी १५ अक्षरांची जागा ठेवलेली. जुना पत्ता बिंदूंसह जास्तीत जास्त १५ अक्षरांचा होतो, त्यामुळे त्या काळी हे बरोबरच होते. नवा पत्ता ३९ अक्षरांपर्यंत जातो. जागा वाढवल्यावरही प्रश्न संपला नाही, कारण एकच आयपीव्ही६ पत्ता अनेक प्रकारे लिहिता येतो: शून्ये गाळून, न गाळता, मोठ्या अक्षरांत किंवा लहान. नुसते अक्षर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेच यंत्र दोन वेगळी यंत्रे वाटतात. पत्ता साठवण्यापूर्वी तो एका ठरावीक रूपात आणायचा, एवढी दुरुस्ती करायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण तो तपासला जातो अशा जागा कोडमध्ये विखुरलेल्या होत्या.

मालकांची मुख्य भीती मात्र सुरक्षेची होती. प्रत्येक यंत्राला जगभरातून दिसणारा पत्ता मिळणार, म्हणजे कारखान्याच्या भिंती पाडल्यासारखेच नाही का, असे त्यांना वाटत होते. नॅटमुळे आडोसा मिळत होता हे खरे, पण तो आडोसा ही एक बाजूची निष्पत्ती होती. रक्षणाचे काम पूर्वीही फायरवॉलचेच होते. आतून मागितल्याशिवाय बाहेरचे काही आत घ्यायचे नाही, हा एक नियम नव्या आवृत्तीत स्पष्टपणे लिहावा लागतो, आणि काही स्वस्त राउटरांत तो मुळात लिहिलेला नसतो. राउटर घेताना ही गोष्ट तपासावीच.

आणखी एका अडचणीला माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. पत्ते भरपूर असले तरी पुरवठादार सामान्य जोडणीला पत्त्यांचा कायमचा गट देतोच असे नाही. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला की गट बदलू शकतो, आणि मग कॅमेऱ्यापासून छपाई यंत्रापर्यंत सगळ्यांचे पत्ते बदलतात. आत वापरण्यासाठी 'एफडी'ने सुरू होणारे स्थानिक पत्ते आणि बाहेरून येण्यासाठी बदलता पत्ता नोंदवणारी नाव-सेवा, अशी जोड मी दिली आहे. नावाने काम होते याचा दुसरा फायदा म्हणजे फोनवर पत्ता सांगावा लागत नाही. कारखान्यातल्या जुन्या पत्त्यांची सुरुवात, १९२.१६८, हे मराठी, तेलुगू, कन्नड कोणत्याही बोलीतल्या कामगाराला तोंडपाठ होते, पण आठ गटांचा अक्षरे-आकड्यांचा पत्ता मागांच्या खडखडाटात फोनवर सांगून पाहिला, तेव्हा तिसऱ्या गटातच 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल झाली.

त्या कारखान्यात जाळ्याला जोडलेली यंत्रे मी एकेक करून मोजली: एकूण ४१. त्यांपैकी २६ यंत्रांनी नवा पत्ता घेतला, त्यांत सगळे संगणक आणि गेल्या वर्षी घेतलेले सहा कॅमेरे होते. जुना डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र), हजेरीची दोन यंत्रे आणि मागांचे बारा नियंत्रक यांना तो घेता येत नाही. नियंत्रकांना बाहेरच्या जगाशी बोलण्याची गरजच नाही, त्यामुळे ते आहेत तसे राहतील. डीव्हीआर दिवाळीपूर्वी बदलायचा ठरला आहे, आणि मालकांनी खरेदीच्या आदेशात स्वतःहून एक ओळ घातली आहे की आयपीव्ही६ वर चालवून दाखवल्याशिवाय पैसे दिले जाणार नाहीत. नवी पेठेत चार दुकानांत विचारले, तेव्हा फक्त एका दुकानदाराने खोके उघडून, यंत्र जोडून ते करून दाखवायची तयारी दाखवली. सोमवारी त्याच्याकडे जाणार आहे. जाताना कारखान्यातलाच राउटर बरोबर नेईन.