हात दुखायचा थांबतच नाही तेव्हा

टेनिस एल्बो (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) किंवा माउसमुळे भरून येणारा हात ३ महिन्यांनंतरही ठणकत असेल, तर नुसतं कोपर तपासून भागत नाही. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, बऱ्यापैकी सावरलं तरी मज्जारज्जू आणि मेंदूतली धोक्याची घंटा हळवी राहू शकते. अपुरी झोप, कामाचा ताण, ‘हात कायमचा गेला’ ही धास्ती तिला आणखी चढवते. दुखणं मात्र खरंच असतं. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

हात बांधून ठेवणं वाईट, आणि जरा बरं वाटताच सगळी धुणी-भांडी उरकणं त्याहून वाईट. त्यापेक्षा घड्याळ लावा. टायपिंग करताना २० मिनिटांनी दुखत असेल, तर १५ मिनिटांवर थांबा, दुखो वा न दुखो. आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. टेनिस एल्बोसाठी हात टेबलावर पालथा टेकवून हलकं वजन घ्या, मनगट किंचित उचलून ३० ते ४५ सेकंद स्थिर धरा. असं ४-५ वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. श्वास रोखू नका. खांदे कानांकडे चढले, की मान आखडतेच. दुखणं १० पैकी ३-४ पर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर वजन कमी करा.

मुंग्या, सुटणारी पकड किंवा रात्री झोपमोड असेल तर आधी डॉक्टर. हातासोबत छातीत दाब आणि घाम असेल तर थेट इस्पितळ.