बाई आणि तीन किलोचा गोळा

(माजी विद्यार्थिनी, १९८८ची दहावी, 'ब' तुकडी)

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं की प्रार्थना, मधली सुट्टी, गॅदरिंग, फाटकाबाहेरचा बोरवाला, सगळं थोडं थोडं लिहायचं. लिहायला बसले आणि जे आठवेल ते बाईंपाशीच जाऊन थांबायला लागलं. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण 'बाई आल्या गं' अशी हाक आली की आम्ही कुणासाठी रांगा सरळ करायचो हे त्या काळातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. म्हणून नाव लिहीत नाही. गणिताच्या सरांवर आणि मुख्याध्यापकांवर बाकीचे लिहितीलच, माझ्या वाट्याची दोन पानं शारीरिक शिक्षणाच्या बाईंची.

मी आठवीत जाडी होते. 'अंगानं भरलेली' वगैरे घरचे म्हणायचे, वर्गात सरळ 'ढब्बू' म्हणायचे. त्या वर्षी आरोग्य तपासणी झाली ती मोठ्या हॉलमध्ये. काट्यावर एकेकीला उभं करायचं, आकडा खणखणीत आवाजात सांगायचा आणि आमचीच मॉनिटर तो वहीत उतरवणार. मागे रांगेत अख्खा वर्ग, आणि पलीकडच्या खिडकीला लटकलेली मुलं. माझा आकडा आला तेव्हा खिडकीतून काय आवाज आला ते इथे छापण्यासारखं नाही.

बाई दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता समजूत काढणार. मला समजूत नको होती. पण त्यांनी वजनाचा विषयच काढला नाही.

"घरी पाणी कोण भरतं?"

"मी, बाई."

"कितवा मजला?"

"तिसरा."

"हंडा की बादली?"

"हंडा कमरेवर आणि कळशी हातात."

"कुठल्या हातात?"

"उजव्या."

"मग उद्या प्रार्थनेच्या आधी ये. नाश्ता करून ये, उपाशी येऊ नकोस."

आमच्या चाळीत नळ पहाटे यायचा आणि तोही खालीच. पिंप भरेपर्यंत जिन्याच्या खेपा चालायच्या. हे काम म्हणजे काही कौतुकाची गोष्ट आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही, माझ्याही नाही. मुलींनी पाणी भरायचं, संपलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या हातात लोखंडी गोळा ठेवला, तीन किलोचा, आणि तो तळहातावरून काढून बोटांच्या मुळाशी सरकवला. "तळव्यावर घेतलास तर मेला." मग मान वाकडी करून तो हनुवटीखाली, गळ्याला चिकटवून धरायला लावला. पहाटेचं लोखंड गळ्याला लागलं की अंगावर काटा यायचा, तो अजून आठवतो. मी हात मागे नेऊन चेंडूसारखा भिरकावला. बाई म्हणाल्या, "फाऊल. खांद्याच्या रेषेमागे गोळा गेला. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. आणि हातानं नाही. हंडा तिसऱ्या मजल्यावर कुणी नेला, हातानं?"

"पायांनी."

"मग पायांनी टाक."

त्यांनी चुन्यानं वर्तुळ आखलं होतं, दोन मीटरच्या थोडं वर व्यासाचं, नियमाप्रमाणे. गोळा टाकल्यावर मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं, पुढे पाऊल पडलं तर टाक रद्द. त्या वर्तुळात उभं राहिलं की माझ्या मांड्या, माझे दंड, माझं एवढं मोठं बूड, ज्याच्यासाठी मी ओढणी कमरेभोवती गुंडाळून फिरायचे, ते सगळं कामाला लागायचं. टाच वळली, कंबर वळली, मग छाती, मग हात. शेवटी मनगटाचा झटका. नीट जमलं की गोळा सुटताना जडच वाटायचा नाही. पुढे मी विभागीय स्पर्धेपर्यंत गेले, शिवाजी पार्कवर बक्षीसही घेतलं. त्याचं फारसं सांगत नाही, कप शाळेच्या कपाटात होता, आता तो कुठे आहे कुणाला माहीत.

बाईंकडे एक लांबट वही असायची, हिशेबाची असते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात प्रत्येक मुलीच्या नावापुढे ती आता काय करू शकते ते लिहिलेलं. 'दोरीवर निम्म्यापर्यंत.' 'मांडी घालून बसली की हात न टेकता उठते.' 'सूर्यनमस्कार घालताना श्वास चुकत नाही.' वजनाचा रकाना नव्हता. आमच्या वर्गातली सगळ्यात देखणी मुलगी एकदा वही बघायला गेली आणि रडत आली, कारण तिच्यापुढे लिहिलं होतं, 'लोंबकळता येत नाही. शिकवणे.' महिनाभरात ती लोंबकळायला लागली, आणि मग तीच सगळ्यांना दंडाच्या बेटकुळ्या दाखवत हिंडायची.

नाचाच्या सरावासाठी कुणा देणगीदारानं हॉलला मोठा आरसा दिला होता, तोही बाईंनी एरवी चादरीखाली ठेवलेला. सूर्यनमस्कारात पाठ सरळ आहे का एवढं बघण्यापुरती चादर निघायची, की परत वर. हे जरा अतीच होतं असं काही शिक्षक म्हणत. मला आज विचाराल तर बाईंचं बरोबर होतं. टीव्हीवर तेव्हा गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती रोज लागत आणि बारा वर्षांची मुलगी घरात दुसरं काय बघत होती? 'पोट दुखत असेल तर बस, लाज वाटते म्हणून बसू नकोस,' हे बाईंचं वाक्य माझ्या बॅचच्या निम्म्या मुलींनी आपापल्या मुलींना ऐकवलंय.

१९८६ मध्ये सोलच्या एशियाडमध्ये पी. टी. उषानं चार सुवर्णपदकं आणि एक रौप्य मिळवलं. वर्तमानपत्रातला तिचा धावतानाचा फोटो बाईंनी फळ्यावर लावला. चेहरा पिळवटलेला, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. "असा फोटो लग्नाच्या पत्रिकेबरोबर कुणी पाठवणार नाही," बाई म्हणाल्या, "म्हणूनच इथे लावलाय."

मी पुढे फिजिओथेरपिस्ट झाले. आता परळला प्रॅक्टिस आहे, पंचवीस वर्षांच्या वर झाली, आणि हाताखाली शिकून गेलेल्या मुली आज मुंबईभर काम करतात, हे थोड्या अभिमानानं सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी विचारतात, "मॅडम, वजन किती उतरेल?" मी विचारते, "जमिनीवरून उठता येतं? दादरचा पूल न थांबता चढता? पिठाचा डबा फळीवरून काढता?" बऱ्याच जणी गोंधळतात. मग मी डायनामोमीटर देते, मुठीनं दाबायचं यंत्र. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सतरा देशांतल्या जवळपास एक लाख चाळीस हजार माणसांचा अभ्यास आला होता. मृत्यूचा धोका ओळखायला वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मुठीची पकड जास्त उपयोगी ठरली. ब्राझीलच्या डॉक्टरांनी पन्नाशी ओलांडलेल्या दोन हजारांवर लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं, तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. ज्यांना हाताचा, गुडघ्याचा आधार जास्त लागला, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यू जास्त झाले. हे दोन्ही पेपर वाचताना मला हसू आलं. लाल पुठ्ठ्याच्या वहीत हेच रकाने होते की!

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. पटांगणात पेव्हर ब्लॉक बसलेत, गाड्या उभ्या असतात. गोळाफेकीचं वर्तुळ जिथे असायचं तिथे आता जनरेटर आहे. शारीरिक शिक्षणाचा तास दहावीला पोर्शन संपवायला जातो, असं मुलींनीच सांगितलं. हॉलमध्ये आरसे मात्र तिन्ही भिंतींना, चादर कशावरही नाही. इमारत चकचकीत झाली, मान्य आहे. पण एका मुलीला विचारलं की दोरीवर चढता येतं का, तर तिनं आधी कुठली दोरी असं विचारलं. समितीनं निधी जमवलाच आहे तर जनरेटर हलवायला किती लागतील ते सांगावं, आमची बॅच देईल.

बाई आता ब्याऐंशीच्या आहेत, मुलाकडे राहतात. दोन्ही गुडघे बदललेत. ऑपरेशननंतरचे व्यायाम मीच घेतले, आणि दहा म्हटलं की त्या बारा करायच्या आणि वर मलाच म्हणायच्या, "मोजायला शिक." समारंभाला यायचं त्यांनी कबूल केलंय. त्यांचा निरोप असा की व्यासपीठाला उतरण नको, पायऱ्याच असू द्या, मी चढेन. एका बाजूला कठडा मात्र बसवावा, हे मी माझ्या पदरचं सांगते, त्यांना कळू देऊ नका.