डावीकडची पट्टी

"दादा, मी काय केलो नाही. नुसतं चालू केलो आणि पडदा मिचकावायलाय."

फोनवर छापखान्याच्या काकी होत्या. 2024 चा नोव्हेंबर. तुळशीची लग्नं होऊन आठवडाही झाला नव्हता. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या बोळातल्या त्या एका खोलीच्या छापखान्याला या दिवसांत दम खायला सवड नसते. राजारामपुरीतलं दुकान पोऱ्यावर सोपवून मी गाडी काढली. बिंदू चौकात येईतोवर कारण ध्यानात आलं आणि पोटात खड्डा पडला. ते काम माझ्याच हातचं होतं.

काकी वीसेक वर्षं पत्रिका जुळवतात. काचबिंदूनं उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली. म्हणून टास्कबारची पट्टी त्यांनी फार पूर्वीच डाव्या कडेला उभी करून घेतली होती. एका वेळी दहा-बारा फायली उघड्या असायच्या आणि डावीकडं एकाखाली एक नावं दिसायची: पाटील लग्न, कदम वास्तू, माने बारसं. मान न वळवता हात बरोबर तिथं जायचा.

मग जुना संगणक मोडीत निघाला आणि नव्यावर विंडोज 11 आलं. 2021 साली आलेल्या त्या आवृत्तीत पट्टी तेव्हा खालीच. डावीकडं न्यायची सोय काढून टाकलेली. चार दिवसांत काकींची मान आखडली. तेव्हा मी बाहेरचा एक मोफत प्रोग्रॅम घालून पट्टी पुन्हा डावीकडं उभी केली. त्या दिवशी काकींनी मला भडंग-चहा केल्याशिवाय सोडलं नव्हतं.

हा प्रोग्रॅम चालतो कसा ते सांगतो, मेख तिथंच आहे. पट्टी, स्टार्ट मेनू, डेस्कटॉपवरच्या खुणा हे सगळं एक्सप्लोरर नावाचा एकच प्रोग्रॅम दाखवतो. सुरू होताना लागणाऱ्या फायली तो आधी आपल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे विंडोज फोल्डरमध्ये शोधतो. डीएक्सजीआय नावाची एक फाइल त्याला लागते. खरी असते आत, सिस्टिम32 नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये. बाहेरचा प्रोग्रॅम त्याच नावाची आपली फाइल दारातच, म्हणजे विंडोज फोल्डरमध्ये, आणून ठेवतो. एक्सप्लोरर तीच उचलतो, आणि ती आत शिरून पट्टीचा कारभार आपल्या हाती घेते. मात्र त्यासाठी एक्सप्लोररच्या पोटातल्या नेमक्या जागा तिला ठाऊक असाव्या लागतात. रात्री विंडोजचा अपडेट आला होता, जागा सरकल्या होत्या. एक्सप्लोरर उठायचा, कोसळायचा, विंडोज त्याला पुन्हा उठवायचं. मिचकावणं ते हेच.

"साडेअकराला पाहुणे प्रूफ बघायला येणार हाईत," काकी म्हणाल्या. घड्याळात साडेदहा झाले होते.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर उघडला. तो वेगळा प्रोग्रॅम, त्याला या भानगडीचा धक्का नव्हता. दुरुस्ती मी मुद्दाम मागं ठेवली. तिथूनच एक्सप्लोरर पुरता बंद केला, पडदा काळा आणि शांत झाला. मग 'रन न्यू टास्क'मधून थेट कोरलड्रॉ, म्हणजे पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम, सुरू केलं आणि पत्रिकेची फाइल उघडून दिली.

"पट्टीबिगर चालतंय व्हय?"

"चालतंय काकी. तुम्ही करा तुमचं काम."

त्या बसल्या. खाली वर्षानुवर्षांच्या सवयीनं बोटं चालत होती, वर काळ्या पडद्यावर एकटी पत्रिका. पाहुणे आले, मामांच्या नावातली वेलांटी दुरुस्त झाली, प्रूफ हातात पडलं. पाहुण्यांना काही कळलंही नाही.

ते गेल्यावर मी कमांडची खिडकी उघडली आणि दारातल्या फायलीचं नाव बदललं. आतल्या खऱ्या फायलीला हात लावायचा नव्हता. नाव दोन्हींचं एकच, म्हणून एंटर दाबण्याआधी पत्ता दोनदा मोठ्यानं वाचला. एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला. पट्टी आली, पण खाली. तिथं निदान फायलींची नावं दिसतील असं सेटिंग करून दिलं.

"आता डावीकडं?" काकींनी विचारलं.

मला लगेच हो म्हणवेना. ज्या यंत्रावर एखाद्याचं पोट आहे, त्याच्या आतल्या कारभारात असं काही घुसवणं धोक्याचंच. पण मान वळवून वळवून त्यांनी दिवसभर काम कसं करायचं? दुसरा सरळ मार्ग त्या वेळी माझ्यापाशी नव्हता. चूक मी घालण्यात केली नव्हती. घालून दिलं आणि काढायचं शिकवलं नाही, ती चूक.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आल्यावर मी पुन्हा गेलो. आधी काढायची रीत एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिली: कुठल्या तीन कळा, कुठली ओळ, कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही. मग काकींकडून ती तीनदा करून घेतली. पहिल्यांदा हात थरथरले, तिसऱ्यांदा कागदाकडं बघावं लागलं नाही. तो कागद त्यांनी अंबाबाईच्या तसबिरीशेजारी चिकटवला.

पुढं उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, सकाळी फोन आला.

"दादा, पट्टी खाली आल्या. रात्री अपडेट झालं बघा, पडदा मिचकावायला लागला. मी फायलीचं नाव बदललो. काम चालू हाय, सवडीनं या."