निरंकाराच्या रायीत लेकीसोबत

रविवार, रात्रीचे साडेनऊ. पाऊस धो धो चाललाय, लाईट दोनदा जाऊन आली. लेक झोपलीये, पाय धुतले तरी नखांत चिखल राहिलाच.

मावसबहीण मॅसॅच्युसेट्सला असते, तिने परवा फोटो टाकलेले, पोरं डबक्यात जाळी घालून काहीतरी शोधतायत. तिथे लँड ट्रस्ट म्हणून असतं, जमीन विकत घेतात नाहीतर मालकाशी करार करतात की इथे कायमचं बांधकाम नाही, आणि मग बऱ्याच ठिकाणी घरच्या घरं तिथे पोरांना घेऊन फिरायला जातात. त्यांच्याकडची अशी एक संस्था तर १८९१ पासून आहे. वाचून इतकं बरं वाटलं, आणि मग वाटलं आपल्याकडे पण होतंच की हे. गोव्यात तिसवाडीकडे गावकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची, त्यांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत तिचे रीतिरिवाज फक्त लिहून घेतले. आणि आमच्या सत्तरीत देवराय, तिथे तर मालक देवच.

म्हणून आज लेकीला घेऊन बांबरला निरंकाराच्या रायीत गेले. फोंड्याहून उसगाव, वाळपई, पुढे नानोड्याच्या बाजूला. चपला बाहेर काढल्या. आत शिरल्यावर उजेडच बदलतो, पाणी घोट्यापर्यंत, आणि पाण्यातून मुळं वर येऊन वाकून परत आत गेलेली, जिकडे बघावं तिकडे. जायफळाच्या कुळातली रानटी झाडं ही, गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढतात, आणि असली दलदल आता सह्याद्रीत फार थोड्या जागी उरलीये. लेक म्हणते, आई झाडांना गुडघे कशाला? चिखलात मुळांना हवा मिळत नाही ना म्हणून ती वर काढतात श्वास घ्यायला, असं सांगितलं. मग ती बराच वेळ एका मुळाजवळ कान लावून बसली, मी पण काही बोलले नाही, बसू दिलं.

आमच्या आजीचा नियम, रायीतली वाळकी काटकी पण घरी आणायची नाही. लहानपणी तिच्याबरोबर आजोळच्या रायीत जायचो आम्ही सगळी भावंडं, सणावाराला. तिथे आता सिमेंटचं मोठं देऊळ झालंय आणि राय म्हणायला चार-पाच झाडं. आम्ही सगळे पणजी, मडगाव, पुण्याला पांगलो, झाडं पडताना बघायला कोण होतं तिथे? याचं मला खूप वाईट वाटतं, आणि दरवर्षी जास्तच वाटतं.

निघताना लेकीने एक पडलेलं पान उचललं, तिच्या हातापेक्षा लांब, वहीत ठेवते म्हणाली. मी परत ठेवायला लावलं. उसगाव येईपर्यंत रडत होती. एक पान नेलं असतं तर काय बिघडलं असतं असं मलाही वाटत होतं, पण नियम मोडायची सुरुवात माझ्या हातून नको होती, खरंच नको होती.

घरी आल्यावर जेवायच्या आधीच तिने कागद घेतला. झाड काढलं, गुडघे मोजून अकरा काढले, खाली निळं पाणी. पान मात्र एकच, मोठ्ठं, अगदी शिरांसकट. उद्या तिच्या आजीला फोनवर दाखवणार आहे, आणि आजोळची ती चार-पाच झाडं बघायला कधी जायचं हे पण तिलाच विचारणार म्हणतेय.