सिस्टर्सकडून फॉर्म भरून घेणं - माझ्या एमएस्सी नर्सिंगच्या डिसर्टेशनचा अनुभव

गाईडनी टॉपिक विचारला तेव्हा मी पटकन बोलून गेले, स्टाफ नर्सेसचं वर्क एन्व्हायर्नमेंट. चार वर्षं मी स्वतः नाइट केल्यात, आपल्याच सिस्टर्स आहेत, पंधरा दिवसात डेटा होईल असं वाटलेलं. कसलं काय!

स्केल म्हणजे प्रश्नावली तयार होती, नर्सिंग संशोधक आयलीन लेक यांची 2002 ची, 31 वाक्यं आणि सहमत-असहमतचे 4 पर्याय. ती मराठीत करायची, मग दुसऱ्या कुणीतरी त्याचं परत इंग्रजी करायचं आणि दोन्ही जुळतंय का बघायचं, त्यात महिना गेला. एथिक्स कमिटीनं संमतीपत्र दोनदा परत पाठवलं, ते सोडा.

खरा घोळ पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीला झाला. फॉर्म मेट्रन (नर्सेसच्या प्रमुख) ऑफिसमधून वाटले आणि तिथेच जमा झाले. 'काम उरकायला पुरेसा स्टाफ आहे' यावर जवळजवळ सगळ्यांची टिक 'पूर्ण सहमत'ला! आता इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म बघा, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटमागे 1 नर्स, वर 30 टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी जादा नर्सेस. आणि आमच्या वॉर्डात नाइटला 38 पेशंट नि दोघीजणी. गाईडनी फॉर्म चाळले आणि एवढंच विचारलं, अगं हे जमा कुणी केले?

मग संमतीची सही वेगळ्या कागदावर घेतली, फॉर्मवर नाव नाही, आणि चेंजिंग रूममध्ये फट पाडलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवला. आता खरी उत्तरं यायला लागली पण अर्धवट. एक फॉर्म 17 व्या वाक्याला थांबलेला आणि कोपऱ्यात पेनानं लिहिलेलं, 'बेड 12, आरएल 11 ला संपेल', आरएल म्हणजे सलाइनची बाटली. असे फॉर्म अॅनालिसिसमधून काढावे लागतात, काढला, पण टाकवला नाही, फाइलीत आहे अजून.

एका सिस्टरनं विचारलं, ताई यानं पगार वाढेल का? मी तिला सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या निकालानंतरच्या कमिटीचं सांगितलं, 200 बेडच्या वरच्या खाजगी हॉस्पिटलनं सरकारी नर्सइतका पगार द्यावा अशी शिफारस आहे म्हणून. ती म्हणाली, आमच्याकडे 300 बेड आहेत. मग पेन मागून घेतलं आणि उभ्या उभ्या फॉर्म भरला.

कुणी हा टॉपिक घेणार असाल तर ओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्युटी बदलताना, फॉर्म देऊ नका, आणि पेनं जास्तीची न्या, माझी अकरा गेली.